कोळशाच्या खाणींतील मजुरांचा फुप्फुसविकार, त्याची नुकसानभरपाई व पुराव्याचा प्रश्न

१. विषयप्रवेश

इतिहाससंशोधन हें शेवटीं पुराव्याचें शास्त्र होय. कोणता कागद अस्सल व कोणता बनावट, समकालीन टिपण व मागाहून लिहिलेली बखर यांत कोणास किती मान द्यावा, कागद नष्ट झाला असतां त्याची जागा कशानें भरून काढावी, हे प्रश्न प्रस्तुत त्रैमासिकाच्या वाचकांस नित्याचे आहेत. हेच प्रश्न एका अगदीं निराळ्या क्षेत्रांत, म्हणजे कोळशाच्या खाणींत काम करून ज्यांचीं फुप्फुसें निकामी झालीं त्या मजुरांच्या नुकसानभरपाईच्या क्षेत्रांत, गेलीं सुमारें शंभर वर्षें लढविले जात आहेत. तेथें निवाडा चुकला म्हणजे धापेनें बिछान्यास खिळलेल्या माणसाचें अन्न जातें, आणि तो मेल्यावर त्याच्या विधवेचेंहि जातें.

याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत मानुष प्रमाणें तीन सांगितलीं आहेत: लिखित, भुक्ति व साक्षी. तीं नसतील तेव्हां दिव्य. मराठेशाहींतील वतनाच्या तंट्यांत हींच प्रमाणें आपल्या परिचयाच्या नांवांनीं दिसतात. सनद हें लिखित. पिढ्यान् पिढ्यांचा भोगवटा ही भुक्ति. आणि गोतानें मजलशींत सांगितलेली व महजरांत नोंदलेली हकीकत ही साक्ष. सनद जळाली किंवा धामधुमींत गेली असें वादी सांगे, तेव्हां भोगवटा व गोताची साक्ष यांवर निवाडा होई. इंग्लंड व अमेरिका या देशांतील खाणमजुरांच्या कायद्यांचा इतिहास या तीन प्रमाणांच्या चौकटींत ठेवून पाहिला म्हणजे त्यांतील चढउतारांचा अर्थ नीट लागतो, असें आमचें मत आहे. तेथील कायदेकर्त्यांनीं आपल्या स्मृति वाचल्या होत्या असें सुचविण्याचा हेतु नाहीं. प्रश्न सारखा असल्यामुळें उत्तरें सारखीं झालीं, इतकेंच.

२. रोगाची पहिली नोंद व तिचें विस्मरण

कोळसा फोडतांना उडणारी अतिसूक्ष्म धूळ श्वासाबरोबर फुप्फुसांत खोलवर जाते. तींतील पुष्कळसे कण पुन्हां बाहेर पडत नाहींत. त्यांच्याभोंवतीं काळे डाग पडतात, आणि कित्येकांच्या फुप्फुसांत पुढें ते एकत्र येऊन कठिण गांठी बनतात. ज्या मऊ भागानें श्वास घ्यावयाचा तोच अशा रीतीनें नाहींसा होतो. रोग पुरता बरा करणारें औषध नाहीं. खाण सोडल्यावरहि तो वाढत जाऊं शकतो. वैद्यकांत यास कोळसा-कामगारांचा न्यूमोकोनिओसिस म्हणतात. अमेरिकेंतील मजूर त्यास ‘ब्लॅक लंग’, म्हणजे काळें फुप्फुस, म्हणतात. पुढें आम्हीं हेंच सोपें नांव वापरलें आहे.

या विकाराची पहिली स्पष्ट वैद्यकीय नोंद इ. स. १८३१ ची आहे. एडिंबरो येथील डॉ. जेम्स क्रॉफर्ड ग्रेगरी यांनीं स्कॉटलंडांतील डॅल्कीथ भागांतल्या एका खाणमजुराच्या शवाचें विच्छेदन झाल्यावर त्याच्या संपूर्ण काळ्या पडलेल्या फुप्फुसांचें वर्णन प्रसिद्ध केलें व त्याचा संबंध कोळशाच्या धुळीशीं जोडला. १८३८ सालीं डॉ. टॉमस स्ट्रॅटन यांनीं या विकारास ‘अँथ्रॅकोसिस’ असें नांव दिलें. १८६७ च्या सुमारास झेंकर या जर्मन पंडितानें धुळीमुळें होणाऱ्या सर्व फुप्फुसविकारांस मिळून एक नांव सुचविलें, त्यांतूनच हल्लींचा ‘न्यूमोकोनिओसिस’ हा शब्द आला. सारांश, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रोग माहीत होता, त्याचें कारण माहीत होतें व त्यास नांवहि होतें.

यापुढील भाग इतिहासदृष्ट्या विशेष लक्षांत घेण्यासारखा आहे. झालेली नोंद विसरली गेली. खाणींत हवा खेळविण्याची व्यवस्था सुधारल्यावर रोग संपला असें पुष्कळ वैद्य मानूं लागले. विसाव्या शतकाच्या आरंभीं खाणींतील हवेचे थोर अभ्यासक जे. एस. हॉल्डेन यांनीं तर गारेच्या दगडाची धूळ तेवढी घातक, कोळशाची धूळ निरुपद्रवी, किंबहुना क्षयापासून रक्षण करणारी, असें मत मांडलें. हॉल्डेन यांचा अधिकार मोठा होता, आणि मोठ्या नांवामागून चुकीचें वाचन किती काळ चालूं शकतें हें या वाचकवर्गास सांगावयास नको.

३. इंग्लंडचा कायदा: पुरावा खडकांत

इंग्लंडांत मजुरांच्या नुकसानभरपाईचा कायदा १८९७ सालीं झाला. तो अपघातापुरता होता. छप्पर कोसळून पाय मोडला तर त्याची वेळ, जागा व पाहणारे, सर्व दाखवितां येतात. १९०६ च्या कायद्यानें धंद्यामुळें जडणारे सहा रोग यादींत घातले. त्यांत शिशाची, पाऱ्याची व फॉस्फरसची बाधा होती, परंतु फुप्फुसांतील धुळीचें नांव नव्हतें. हा रोग अपघाताच्या चौकटींत बसतच नाहीं. तो कोणत्या दिवशीं झाला हें सांगतां येत नाहीं, आणि आयुष्यांत अनेक मालक पाहिलेल्या मजुरास तो कोणाच्या खाणींत झाला हेंहि दाखवितां येत नाहीं.

सिलिकोसिस, म्हणजे गारेच्या धुळीनें होणारा विकार, यासाठीं १९१८ सालीं निराळा कायदा झाला, व १९२८ च्या एका योजनेनें कोळशाच्या खाणींतील मजुरांस त्यांत वाट मिळाली. ती वाट अत्यंत अरुंद होती. मजुरानें ज्या खडकांत छिद्रें पाडलीं किंवा सुरुंग उडविले त्यांत शेंकडा ५० किंवा अधिक मुक्त सिलिका होती, असें शाबीत करावें लागे. रोग मजुराच्या छातींत व पुरावा मात्र दगडाच्या पृथक्करणांत, अशी ही चमत्कारिक स्थिति होती. दगड मालकाच्या खाणींत. पृथक्करणाचा खर्च मजुराच्या आटोक्याबाहेर. १९३१ व १९३४ च्या दुरुस्त्यांनीं ही अट हळूहळू दूर झाली व जमिनीखालील सर्व काम योजनेंत आलें. तथापि रोगाचें नांव सिलिकोसिस हेंच राहिलें. ज्याच्या छातीचें क्ष-किरण छायाचित्र सिलिकोसिसच्या ठरीव नमुन्याशीं जुळत नसे, त्यास धाप लागत असूनहि दाखला मिळत नसे.

४. वेल्समधील शोध: कागदावर चिकटविलेलीं फुप्फुसें

हा पेच वेल्सच्या दक्षिण भागांतील दगडी कोळशाच्या खोऱ्यांत सर्वांत तीव्र झाला. तेथील मजुरांच्या तक्रारी वाढल्यावर इंग्लंडच्या वैद्यकीय संशोधन मंडळानें १९३७ सालीं चौकशी सुरू केली. डॉ. फिलिप डार्सी हार्ट व डॉ. एडवर्ड ॲस्लेट यांनीं ॲमनफोर्ड येथील खाणींतील मजूर तपासून १९४२ सालीं आपला अहवाल दिला. ज्यांस सिलिकोसिस म्हणतां येत नाहीं, परंतु ज्यांच्या छायाचित्रांत बारीक जाळें दिसतें, असे मजूरहि रोगी आहेत. म्हणून ‘कोळसा-कामगारांचा न्यूमोकोनिओसिस’ असें व्यापक नांव धरून भरपाई द्यावी, हा त्यांचा निष्कर्ष होता. १९४३ च्या योजनेनें तो मान्य केला.

कोळसा दोषी कीं दगड दोषी, या मूळ वादाचा निर्णय करण्यास मात्र दुसरा एक पुरावा कारण झाला. कार्डिफच्या बंदरांत जहाजांच्या पोटांत कोळसा पसरविणारे हमाल होते. ते खाणींत कधीं उतरले नव्हते, त्यांनीं खडक कधीं फोडला नव्हता. त्यांच्या श्वासांत गेली ती केवळ कोळशाची धूळ. या हमालांत फुप्फुसविकार आहे हें कॉलिस व गिल्क्रिस्ट यांनीं १९२८ सालीं दाखविलें होतें. १९४० सालीं कार्डिफचे विकृतिशास्त्रज्ञ जेथ्रो गॉफ यांनीं मृतांच्या फुप्फुसांवरून तेंच पक्कें केलें. दोन साधनें एकमेकांत मिसळलेलीं असतां, ज्यांत एकच आहे असें तिसरें साधन शोधून काढावें, हा पाठचिकित्सेचा नियम येथें वैद्यकांत लागू झालेला दिसतो.

हस्तलिखितांच्या संग्राहकांस गॉफ यांच्या पुढील कामाचें विशेष कौतुक वाटेल. त्यांनीं व त्यांचे सहकारी वेंटवर्थ यांनीं १९४९ सालीं अशी रीति प्रसिद्ध केली कीं, संपूर्ण फुप्फुसाचा अत्यंत पातळ काप काढून तो कागदावर कायमचा चिकटवितां येतो. असा कागद चोपडींत ठेवतां येतो, हातांत धरून न्याहाळतां येतो, एकाशेजारीं एक मांडून ताडतां येतो. मजुराचें शरीरच अशा रीतीनें दप्तर बनलें.

याच वर्षीं याच भागांतून एक निबंध प्रसिद्ध झाला, त्याचें महत्त्व यापुढील सर्व हकीकतीस आहे. वैद्यकीय संशोधन मंडळानें १९४५ सालीं कार्डिफजवळ या रोगाच्या अभ्यासासाठीं निराळें पथक स्थापिलें होतें. त्याचे प्रमुख चार्ल्स फ्लेचर व सांख्यिकीचे जाणते ओल्डम यांनीं एकच छायाचित्र निरनिराळ्या तज्ज्ञांस वाचावयास दिलें असतां वाचनें किती भिन्न येतात, याचें मापन केलें. मोडीचा एकच रुमाल दोन जाणत्यांनीं वाचला तर एखादें अक्षर, कधीं एखादा आकडाहि, निराळा निघतो, हा आपला अनुभव आहे. क्ष-किरण छायाचित्र हें यंत्रानें काढलेलें असलें तरी तेंहि वाचावेंच लागतें. आणि वाचन हें मनुष्याचें मत असतें.

१९४३ च्या योजनेंत एक मोठी उणीव होती. ज्यास दाखला मिळे त्यास खाण सोडावी लागे. ज्या खोऱ्यांत खाणीवांचून दुसरा धंदा नाहीं तेथें हा दाखला म्हणजे बेकारीचा हुकूमच ठरला. १९४८ सालीं औद्योगिक इजांचा नवा कायदा अमलांत आल्यावर ही सक्ती सैल झाली. पुढें १९९३ सालीं जुनाट खोकला व फुप्फुसफुगी यांसहि भरपाई देण्याचें ठरलें, तेव्हां इंग्लंडनें जमिनीखालील २० वर्षांच्या कामाची अट घातली. ही अट म्हणजे शुद्ध भुक्ति होय.

५. अमेरिका: स्फोट, संप व १९६९ चा कायदा

इंग्लंडांतील पुरावा १९४३ सालींच पुरता झाला असतां अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यांत तो यावयास आणखी सव्वीस वर्षें लागलीं. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील खाणींत कोळसा सलग कापीत जाणारीं यंत्रें आलीं. त्यांनीं धूळ पुष्कळ वाढविली. बहुतेक राज्यांच्या भरपाईच्या कायद्यांत या रोगास स्थान नव्हतें.

२० नोव्हेंबर १९६८ रोजीं वेस्ट व्हर्जिनिया राज्यांतील फार्मिंग्टन येथें खाणींत स्फोट होऊन ७८ माणसें मेलीं. या दुर्घटनेनें सर्व देशाचें लक्ष खाणमजुरांकडे वळलें. त्याच हिवाळ्यांत आयझाडोर बफ, डोनल्ड रॅस्मुसेन व हॉई वेल्स हे तीन वैद्य गांवोगांव सभा घेऊन काळ्या फुप्फुसाची माहिती सांगत होते. १८ फेब्रुवारी १९६९ रोजीं एका खाणींत काम थांबलें आणि पाहतां पाहतां राज्यांतील सुमारें ४०,००० मजूर बाहेर पडले. त्यांच्या संघाच्या वरिष्ठ पुढाऱ्यांची यास संमति नव्हती. कायदा नाहीं तर काम नाहीं, ही त्यांची घोषणा होती. ११ मार्च रोजीं राज्यपाल आर्च मूर यांनीं भरपाईच्या कायद्यावर सही केली, तेव्हां काम पुन्हां सुरू झालें.

केंद्रीय कायदा ३० डिसेंबर १९६९ रोजीं झाला. त्यावर राष्ट्राध्यक्ष निक्सन यांची सही आहे. त्यानें दोन गोष्टी केल्या. पहिली, खाणींतील हवेंत धूळ किती असावी याची मर्यादा घातली: आरंभीं दर घनमीटरास ३ मिलिग्रॅम व तीन वर्षांनंतर २ मिलिग्रॅम. दुसरी, काळ्या फुप्फुसानें पूर्ण असमर्थ झालेल्या मजुरास व अशा मजुराच्या विधवेस दरमहा वेतन देण्याची व्यवस्था केली. या वेतनाचा मजुराच्या पूर्वीच्या पगाराशीं संबंध नाहीं. केंद्र सरकारच्या कनिष्ठ श्रेणीच्या नोकराच्या पगारावरून तें ठरतें. एक आश्रित असल्यास त्यांत निम्म्यानें, दोन असल्यास पाऊणपटीनें व तीन किंवा अधिक असल्यास एकपटीनें वाढ होते.

कायदा उदार होता. परंतु अंमल करणाऱ्या कचेरीनें छायाचित्रासच मुख्य प्रमाण धरलें. छायाचित्रांत डाग नाहीं, सबब रोग नाहीं, या तर्कावर अनेक दावे फेटाळले गेले. डॉ. रॅस्मुसेन यांनीं बेकली येथें मजुरांस चालवून, त्यांच्या रक्तांतील प्राणवायु मोजून, असें दाखविलें होतें कीं, ज्यांचें छायाचित्र जवळजवळ स्वच्छ आहे असे मजूरहि श्रमाच्या वेळीं गंभीर रीतीनें असमर्थ असूं शकतात. लिखिताचें मौन म्हणजे अभाव नव्हे, हा इतिहासांतील परिचित सिद्धांत येथें प्रयोगानें शाबीत झाला.

६. १९७२: भुक्ति व साक्ष यांचा स्वीकार

१९ मे १९७२ रोजीं कायद्यांत जी दुरुस्ती झाली ती या सर्व इतिहासाचा मध्यबिंदु आहे. तींतील तीन कलमें महत्त्वाचीं आहेत.

पहिलें असें कीं, केवळ छायाचित्र निर्दोष आहे एवढ्याच कारणावरून दावा फेटाळूं नये. लिखित हें एकमेव प्रमाण राहिलें नाहीं.

दुसरें असें कीं, ज्यानें १५ किंवा अधिक वर्षें जमिनीखालील खाणींत काम केलें आहे, आणि ज्याचा श्वास इतर पुराव्यावरून पूर्ण असमर्थतेइतका बिघडलेला दिसतो, त्याचा विकार काळ्या फुप्फुसाचाच आहे असें गृहीत धरावें. तसें नाहीं हें दाखविण्याचा भार विरुद्ध पक्षावर. ही भुक्ति होय. स्मृतिकारांनीं जमिनीच्या भोगवट्यास वीस वर्षें व द्रव्याच्या भोगवट्यास दहा वर्षें अशी मुदत घातली होती. येथें पंधरा वर्षांची आहे. मुदतीमागील विचार एकच: दीर्घकाळ चालत आलेली उघड वस्तुस्थिति हीच कागदाची उणीव भरून काढते.

तिसरें असें कीं, पुरावा तोलतांना मजुराच्या पत्नीचें प्रतिज्ञापत्र विचारांत घ्यावें. आणि मजूर मृत असेल, तर त्याची प्रकृति जाणणाऱ्यांचीं प्रतिज्ञापत्रेंहि विचारांत घ्यावीं. ही साक्ष होय. डोंगरांतील दूरच्या वस्तींत वर्षानुवर्षें वैद्य न पाहिलेला मजूर मेला, तर त्याच्या आजाराचें दप्तर म्हणजे त्याची बायको. तो किती पायऱ्या चढून थांबे, रात्रीं आडवा न होतां खुर्चीवर कसा बसून राही, हें तिनें पाहिलेलें असतें. जुन्या महजरांतील ‘आपण डोळां पाहिलें’ या जातीची ही साक्ष आहे.

खाणमालकांनीं या गृहीतांविरुद्ध तक्रार केली. १९७६ सालीं युझरी विरुद्ध टर्नर एल्कहॉर्न मायनिंग कंपनी या खटल्यांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें मुख्यतः कायद्याच्या बाजूनें निकाल दिला. पूर्वीं काम सोडून गेलेल्या मजुरांचा भार आज मालकांवर टाकणेंहि त्यानें वैध ठरविलें.

७. पैसा कोठून यावा

आरंभींच्या दाव्यांचा खर्च सरकारी तिजोरींतून झाला. पुढील दाव्यांत ज्या मालकाकडे मजुरानें काम केलें त्याच्यावर जबाबदारी आली. परंतु कंपन्या बुडतात, विकल्या जातात, नांवें बदलतात. म्हणून विधिमंडळानें काळ्या फुप्फुसाचा विश्वस्त निधि स्थापिला व १९७८ पासून कोळशावर कर बसविला: जमिनीखालील कोळशास दर टनास ५० सेंट व उघड्या खाणींतील कोळशास २५ सेंट. १९८१ व त्यानंतरच्या बदलांनीं हा दर अनुक्रमें १ डॉलर १० सेंट व ५५ सेंट झाला. २०१९ सालीं तो जुन्या नीच दरावर आला, पुन्हां चढला, २०२२ च्या आरंभीं पुन्हां उतरला, व त्याच वर्षींच्या कायद्यानें उंच दर कायम झाला. निधीवर कर्जाचा बोजा आहे. तथापि रोगाचा खर्च ज्या मालापासून रोग झाला त्यानेंच सोसावा, हें तत्त्व टिकलें.

८. १९८१: प्रमाणांचा संकोच

१९७७ व १९७८ च्या कायद्यांनीं दावेदारांची बाजू आणखी सुधारली होती. सक्षम तज्ज्ञानें एकदां वाचलेलें छायाचित्र सरकारनें पुन्हां दुसऱ्याकडून वाचवून घेऊं नये, असाहि निर्बंध होता. १९८१ सालीं सर्व उलटलें. खर्च फार वाढला, दावे फार मंजूर होतात, या ओरडीवरून १ जानेवारी १९८२ पासूनच्या दाव्यांस पंधरा वर्षांचें गृहीत लागूं होणार नाहीं असें ठरलें: भुक्ति गेली. मृताविषयींचीं प्रतिज्ञापत्रें ज्यांस स्वतः वेतन मिळण्याचा संबंध नाहीं अशांचींच पुरेशीं मानावयाचीं, असें ठरलें: विधवेची साक्ष गेली. पुनर्वाचनाचा निर्बंध उठला: लिखिताच्या वाचनाची लढाई पुन्हां सुरू झाली. नवऱ्यास वेतन मिळत असतां तो मेला तरी विधवेस त्याचा मृत्यु याच रोगानें झाला हें पुन्हां शाबीत करावें लागूं लागलें.

लढाई हा शब्द आम्हीं मुद्दाम योजिला आहे. मालकाकडे द्रव्य असल्यास तो एकच छायाचित्र अनेक तज्ज्ञांकडून वाचवून घेई. मजुरास एक वैद्य मिळणें कठिण. २००१ च्या नियमांनीं दोन्ही पक्षांस आपल्या बाजूचीं छायाचित्राचीं दोनच वाचनें दाखल करण्याची मर्यादा घातली.

मधल्या काळांत आणखी एक आधार गेला. दोन्ही पक्षांचा पुरावा समतोल असेल तर दावेदारास अनुकूल निकाल द्यावा, अशी वहिवाट होती. १९९४ सालीं ग्रीनविच कॉलियरीज या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें ती रद्द केली. तराजूचा कांटा मध्यें राहिला तर मजूर हरतो, असा त्याचा अर्थ झाला.

९. दडविलेले कागद

२०१३ सालीं अमेरिकेंतील एका शोधपत्रकार संस्थेनें या खटल्यांच्या दप्तरांचा अभ्यास करून जें प्रसिद्ध केलें, तें कोणाहि साधनचिकित्सकास अस्वस्थ करील. मालकांच्या बाजूनें छायाचित्रें वाचणाऱ्या एका प्रख्यात तज्ज्ञानें २००० नंतर निकाल लागलेल्या १,५०० हून अधिक खटल्यांत एकदांहि रोगाचें उग्र स्वरूप पाहिलें नव्हतें. त्याहून गंभीर गोष्ट ही कीं, मालकांच्या वकिलांनीं स्वतःच मागविलेले, परंतु मजुरास अनुकूल ठरलेले, वैद्यकीय अहवाल कांहीं खटल्यांत दडवून ठेवले होते. मजुराच्याच शरीराविषयींचा कागद, आणि तो त्यासच दिसूं नये!

या प्रकाशनानंतर केंद्राच्या मजूरखात्यानें २०१६ सालीं नियम केला कीं, दाव्यासंबंधीं तयार झालेली सर्व वैद्यकीय माहिती, ती पुराव्यांत दाखल करावयाची असो वा नसो, दोन्ही पक्षांनीं परस्परांस दाखवावी. तत्पूर्वीं, २०१० सालीं, वेस्ट व्हर्जिनियाचे वयोवृद्ध प्रतिनिधि सीनेटर रॉबर्ट बर्ड यांच्या प्रयत्नानें पंधरा वर्षांचें गृहीत व विधवेचा आपोआप मिळणारा हक्क हे दोन्ही पुन्हां कायद्यांत आले होते. २००५ नंतर केलेल्या व त्या वेळीं निकालांत न निघालेल्या दाव्यांस ते लागूं झाले. एकोणतीस वर्षांनीं भुक्तीस पुन्हां मान मिळाला.

रोग मात्र इतिहासजमा झालेला नाहीं. व्हर्जिनियाच्या नैर्ऋत्य भागांतील तीन दवाखान्यांत जानेवारी २०१३ ते फेब्रुवारी २०१७ या काळांत रोगाच्या उग्रतम स्वरूपाचे ४१६ मजूर आढळले, असें २०१८ सालीं प्रसिद्ध झालें. कोळशाचे थर पातळ होत गेले, यंत्रें कोळशाबरोबर खडकहि कापूं लागलीं, व गारेची धूळ वाढली, हें त्याचें एक मुख्य कारण सांगतात. १९२८ च्या कायद्यानें जो दगड दावेदाराच्या वाटेंत आडवा घातला होता, तोच आतां त्याच्या छातींत सांपडतो आहे.

१०. आपल्याकडील संबंध

हिंदुस्थानांत मजुरांच्या नुकसानभरपाईचा कायदा १९२३ सालीं इंग्रजी कायद्याच्या धर्तीवर झाला व १ जुलै १९२४ पासून अमलांत आला. त्याच्या मूळच्या रोगांच्या यादींत थोडींच नांवें होतीं. काळ्या फुप्फुसाचें नव्हतें. पुढें १९५२ च्या खाणकायद्याच्या २५ व्या कलमानें, सरकारनें जाहीर केलेला रोग खाणींत आढळल्यास तो कळविण्याचें बंधन मालकावर व वैद्यावर घातलें, आणि कोळसा-कामगारांचा न्यूमोकोनिओसिस या रोगांत आला. वर्धा नदीच्या खोऱ्यांत कोळसा एकोणिसाव्या शतकापासून निघत आला आहे. वरोड्याची सरकारी खाण १९०६ सालीं बंद झाली. बल्लारपूर, चंद्रपूर, वणी व उमरेड या भागांतील खाणींची परंपरा मात्र पुढें चालली, आणि राष्ट्रीयीकरणानंतर त्यांपैकीं बहुतेक नागपूर येथें मुख्य कचेरी असलेल्या वेस्टर्न कोलफील्ड्सकडे आल्या. तेथील मजुरांत मराठी बोलणारे पुष्कळ आहेत. म्हणून वरील हकीकत आपल्यास अगदींच परकी नाहीं.

११. निष्कर्ष

वरील हकीकतीवरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. एक, कोणत्याहि भरपाईच्या कायद्याची उदारता त्यांतील रकमेवरून ठरत नाहीं. पुराव्याच्या कलमांवरून ठरते. १९६९ ते २०१० या काळांत वेतनाचें सूत्र जवळजवळ तेंच राहिलें, परंतु तें किती जणांच्या हातीं पडलें हें भुक्ति व साक्ष यांच्या उदयास्ताबरोबर बदललें. दुसरी, लिखित हें श्रेष्ठ प्रमाण असलें तरी तें ज्याच्या ताब्यांत आहे त्याचा हेतु तपासल्यावांचून त्यास श्रेष्ठत्व देऊं नये. तिसरी, भुक्ति मानावयाची तर तीहि दाखवितां आली पाहिजे. आणि पंधरा किंवा वीस वर्षें काम केलें हें दाखविणारा कागद म्हणजे हजेरीपट, पगारपत्रक, खाणींत उतरतांना दिलेल्या दिव्याची नोंदवही. ज्या कंत्राटी मजुराचें नांव वहींत चढलेंच नाहीं, त्याचा भोगवटा कोण सांगणार?

शेवटच्या मुद्द्यासंबंधीं संग्राहकांस एक विनंति आहे. सनदा व बखरी यांचा शोध आपण घेतच आहों, आणि तो घेतलाच पाहिजे. परंतु बंद पडलेल्या खाणींच्या कचेऱ्यांतून अशा नोंदवह्या रद्दींत जाण्याचा संभव फार असतो. त्या बाजारांत किंमतीच्या नसतात व दिसावयास सुंदरहि नसतात. त्यांतील प्रत्येक ओळ एका मजुराच्या भोगवट्याचा कागद आहे. ज्यांस चंद्रपूर, वणी व उमरेड भागांत जाणें शक्य आहे, त्यांनीं अशा वह्या दृष्टीस पडल्यास त्या जपून ठेवाव्या, निदान त्यांची यादी करावी. आज ती यादी इतिहासाचें साधन होईल. उद्यां कोणा विधवेच्या दाव्यांत तीच सनद ठरेल.